उगवतीकडे पाठ करून

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर पहाटे चित्र काढायला बसायचं, तर तोंड कुठे करायचं हे आधी ठरवावं लागतं. आपला किनारा पश्चिमेचा. सूर्य इथे समुद्रातून वर येत नाही; तो पाठीमागून, माडांच्या आणि त्यांच्याही पलीकडच्या सह्याद्रीच्या बाजूने येतो. समोर असतं कुरटे बेट, त्याच्यावरचा सिंधुदुर्गाचा नागमोडी तट, अलीकडे पद्मगडाची खडपं आणि या सगळ्यावर पसरलेलं पश्चिमेचं आकाश. म्हणून बहुतेक चित्रकार इथे संध्याकाळी येतात. मावळतीला बेट काळं पडतं, मागे केशरी आकाश असतं आणि चित्र जवळजवळ तयारच मिळतं. मी मात्र पहाटे येते आणि उगवतीकडे पाठ करून उगवती रंगवते. या कामातून माझं एक मत पक्कं झालंय. सकाळ रंगवायची असेल तर सूर्याच्या समोरच्या आकाशाकडे बघावं. सूर्य येताना हवेचं काय काय होतं ते तिथे दिसतं, आणि रंगवायची असते ती हवाच.

मी मिरजेची. शाळेत चित्रकला शिकवण्यात नोकरी झाली. वर्गात ‘सकाळ काढा’ म्हटलं की बाकाबाकावर तेच चित्र उमटायचं : दोन डोंगर, मधे अर्धा सूर्य, त्याचे पिवळे किरण आणि खाली वाकडी नदी. सकाळ म्हणजे सूर्य, ही समजूत लहानपणीच इतकी घट्ट बसते की मोठेपणीही चित्रात आधी सूर्याची जागा ठरते. पण कागद जितका पांढरा आहे तितकाच पांढरा; त्याहून उजळ रंग कुठल्याही ट्यूबमध्ये मिळत नाही. प्रत्यक्ष सूर्य कागदावर आणणं कागदाच्या ताकदीबाहेरचं आहे. ज्यांना हे उमगलं त्यांनी उजेडाचा उगम झाकला आणि उजेड जिथे पोचतो ती जागा रंगवली. सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र आठवा. ज्योत हाताआड आहे. आपल्याला दिसतो तो चेहऱ्यावर पसरलेला आणि बोटांतून झिरपणारा उजेड. दांडीवर बसले की मला ते चित्र हमखास आठवतं, कारण इथेही दिवा पाठीमागे आहे आणि चेहरा समोर.

आता समोरचं आकाश. तांबडं फुटायच्या सुमारास, पूर्वेला अजून नुसती फट उजळलेली असताना, पश्चिमेला पाण्यालगत एक निळसर करडा पट्टा असतो. पाहणाऱ्याला वाटतं लांबवर ढग आहेत किंवा पाऊस आहे. ती पृथ्वीची स्वतःची सावली असते, वातावरणावर पडलेली. तिच्यावर गुलाबी पट्टा असतो, हात लांब करून धरलेल्या मुठीच्या आसपास उंचीचा. सूर्याचे किरण तिरपे, हवेचा लांबचा पल्ला तोडून आलेले असतात. वाटेत त्यांतला निळा भाग विखरून गेलेला असतो आणि उरलेला तांबूस उजेड समोरच्या हवेवर आपटून आपल्याकडे परततो. सूर्य जसजसा वर येतो तसतशी ही सावली समुद्रात उतरत जाते, गुलाबी पट्टा तिच्यामागोमाग खाली येतो, फिकटतो आणि सूर्य उगवला की विरून जातो. मालवण १६ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. इथे सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर असल्यापासून उगवेपर्यंत वीस-बावीस मिनिटं मिळतात. युरोपच्या उत्तरेकडे हाच संधिप्रकाश कितीतरी रेंगाळतो. आपल्याला रेंगाळायची मुभा नाही.

म्हणून तयारी अंधारात. कागद फळीला चारी बाजूंनी कागदी पट्टीने ताणून बसवलेला असतो. वाट्या नेहमीच्या क्रमाने मांडलेल्या. कुठल्या वाटीत कुठला रंग ते न बघता हाताला कळायला हवं. पहाटेच्या त्या आकाशात कागदाइतकं पांढरं काहीच नसतं. त्यामुळे सगळ्या कागदावर आधी यलो ऑकरचा अगदी पातळ वॉश देऊन तो घरूनच वाळवून आणते. पुढे तटावर पहिलं ऊन पडतं तेव्हा हाच झाकून ठेवलेला पिवळेपणा उपयोगी येतो. मग कागद ओला करून वरून कोबाल्ट ब्लू, त्यात नखभर क्रिमसन. मधल्या पट्ट्यात गुलाबी, पण नुसता गुलाबी घातला तर तो मिठाईच्या डब्यावरचा दिसतो, म्हणून त्यात किंचित ऑकर. आणि तळाला अल्ट्रामरीनमध्ये लाइट रेड मिसळून सावलीचा करडा. तिन्ही रंग एकमेकांत उतरले पाहिजेत, पण मिसळून मळकट होता कामा नयेत. पाण्यात तेच तीन रंग उलट क्रमाने, थोडे गडद. बेटाची जागा कोरडी सोडायची नाही. आकाश बेटाच्या मागूनही गेलं पाहिजे, नाहीतर बेट कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

हे लिहिताना सोपं वाटतं. पण हा क्रम ज्या हवेत शिकले ती हवा वेगळी होती, आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या फरकाने.

मिरज समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. सिंधुदुर्गात पडतो त्याच्या चौथा-पाचवा हिस्सा पाऊस आमच्याकडे पडतो. मार्चमधे कृष्णाघाटावर बसून आकाशाचा वॉश ओढायला घेतला की कागदाच्या खालच्या टोकाला पोचेपर्यंत वरचं टोक वाळायला लागतं. तिथे हात झपाट्याने चालवायला शिकावं लागतं. भरपूर पाणी, फळी चांगली तिरपी, ब्रश मोठा. हिवाळ्यात ऊसतोड झाल्यावर पाचट पेटवतात, त्या दिवसांत पहाटे नदीवर तपकिरी धुरकट थर असतो आणि सूर्य तांब्याच्या चकतीसारखा वर येतो. त्याच्याकडे सरळ बघता येतं. ती कोरडी, धुराची हवा. तिच्यात रंग कमी, पण कडा स्पष्ट.

मिरजेहून कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, कणकवली, कसाल आणि मालवण. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण घाट उतरताना अंगाला हवा बदललेली कळते आणि कागदाला तर आपल्याआधी कळते. पिशवीतले कागद किंचित मऊ पडतात, ताणून बसवलेला कागद फळीवर सैल होतो. पहाटे दांडीवर हवेत इतका दमटपणा असतो की वॉश वाळतच नाही. मिरजेच्या सवयीने पाणी घेतलं तर रंग तासभर हलत राहतात, वरचं पाणी खाली ओघळून अर्धवट वाळलेल्या रंगात घुसतं आणि आकाशाच्या मधोमध फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. इथे ब्रश फडक्यावर टिपून घ्यावा लागतो, रंग दाट ठेवावा लागतो, फळी जवळजवळ आडवी. आणि थांबावं लागतं. ओल्या कागदावर आधी चमक असते. ती चमक ओसरते, पण कागद हाताच्या पाठीला अजून गार लागतो. तेवढ्याच वेळात ढगांची मऊ कडा साधते. त्याआधी रंग लावला तर ढग पसरून जातो, नंतर लावला तर कडक रेघ उमटते.

तो क्षण ओळखायला मी मिरजेतच शिकले होते, फक्त चित्रकारांकडे नाही. आमच्याकडे तंतुवाद्यांच्या कारागिरांची गल्ली आहे; मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते अलीकडचं, कारागिरी पिढ्यान्‌पिढ्यांची. तिथे तंबोऱ्याची जवारी लावताना पाहत मी लहानपणी उभी राहायची. तारेखालचा दोरा घोडीवर केसभर पुढे, केसभर मागे सरकवतात. अमुक जागी ठेवा असं मोजमाप नसतं. तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा सरकवायचं, आणि एका जागी आवाज उमलतो. ओल्या कागदावर ढग बसवण्याची वेळही अशीच सापडते. ती घड्याळात सांगता येत नाही, कारण ती त्या दिवसाच्या हवेवर ठरते. जी हवा मी रंगवत असते तीच हवा माझ्या कागदावर बसून काम करत असते. तिच्याशी जुळवून घेतलं तर ती अर्धं चित्र आपणहून काढून देते. दमट सकाळी क्षितिज आणि पाणी यांची कडा मी हाताने पुसत नाही. कागद ओला राहतो म्हणून ती विरघळते, आणि समोरही ती दमटपणामुळेच विरघळलेली असते.

रंगात समुद्राचं पाणी मात्र कधीही वापरू नये. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. चित्र वाळल्यासारखं दिसतं, पण पावसाळ्यात कागद पुन्हा चिकट होतो. मी गोड्या पाण्याची बाटली बरोबर ठेवते. चहूबाजूंनी खारं पाणी असलेल्या त्या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी इथे किल्ल्याचं काम सुरू केलं, तेव्हा जागेची निवड करताना गोड्या पाण्याचं मोल किती असेल ते इथे चित्राला पाणी लागतं तेव्हाही कळतं.

आकाश वाळलं की खडपांकडे वळायचं. पाठीमागून येणारा उजेड चित्रकाराला अवघड असतो, कारण सावल्या वस्तूंच्या पलीकडे पडतात, आपल्याला दिसत नाहीत. मावळतीला जो दगड नुसत्या काळ्या आकाराने भागतो तो सकाळी आपलं अंगप्रत्यंग दाखवतो आणि तरी सपाट दिसतो. मग त्याला घडवायचं कशाने? ओलीने. ओहोटी, म्हणजे इथल्या बोलीत सुकती, असेल तर पद्मगडाच्या वाटेवरची खडपं उघडी पडतात. प्रत्येक दगडावर तीन पट्टे असतात : खाली ओला, जवळजवळ काळा, मधे कालवं आणि शिंपल्यांनी खरखरीत झालेला पांढुरका, वर वाळलेला तपकिरी करडा. ओल्या पट्ट्याला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट. मधल्याला जवळजवळ कोरडा ब्रश कागदाच्या दाण्यांवरून फिरवायचा, म्हणजे पांढरे ठिपके आपोआप राहतात. वरच्याला तोच करडा पाणी घालून. पट्ट्यांची रुंदी बघून भरती-ओहोटी कुठे आहे ते जाणकाराला चित्रातही वाचता यावं. या खडपांत बायका कोयतीने कालवं फोडायला येतात. त्या वाकलेल्या आकृत्या मी सोडत नाही. त्यांच्यामुळे दगड किती मोठा ते कळतं, आणि त्यांच्या कामाची वेळ समुद्र ठरवतो हेही.

तोवर पाठीमागे सूर्य माडांवर येतो. सुरुवातीला किनारा आणि अलीकडचं पाणी माडांच्या सावलीत असतं. ऊन आधी तटाच्या माथ्यावर पडतं आणि मग तटावरून खाली सरकायला लागतं. सूर्य एक अंश चढायला साधारण चार मिनिटं घेतो, आणि तेवढ्यात सावल्या भराभर आखूड होतात. ऊन तटाच्या मध्यावर असतं ती वेळ माझ्या कामाची. वरचा अर्धा तट उबदार, खालचा अजून निळा, आणि दोन्हींच्या मधली रेघ धारदार न ठेवता किंचित थरथरती. वरच्या अर्ध्याला मी नवा रंग लावत नाही; तिथला आकाशाचा रंग ओल्या ब्रशने उचलून घेते. खालचा, घरून आणलेला ऑकरचा वॉश उघडा पडतो. शेजारचा निळा जितका शांत, तितकं ते ऊन प्रखर वाटतं. उजेड रंगाने येत नाही, शेजाराने येतो.

या वेळेपर्यंत हवा पडलेली असते. रात्रभर जमीन गार होत गेल्यामुळे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो सकाळी मंदावतो आणि पाणी आरशासारखं होतं. पुढे जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. त्याची चाहूल मला दांडीवरच्या एका वयस्क तांडेलाने दाखवली. जाळी सोडवत बसलेले ते काका मान वर न करता म्हणाले, ‘बाई, धा वाजायच्या आत आवरा. खारो वारो लवकर येतलो आज.’ मी आकाशाकडे बघायला लागले. ते म्हणाले, ‘वर नको, पाण्यात बघा.’ किल्ल्याच्या पलीकडे पाण्यावर एक बारीक काळसर रेघ होती आणि ती जवळ येत होती. शांत पाणी क्षितिजाजवळचं उजळ आकाश दाखवतं. वाऱ्याने पाण्याला सुरकुत्या पडल्या की त्यांत वरचं गडद आकाश उमटतं, म्हणून तो भाग काळपट दिसतो. हे कारण मला माहीत होतं. ते वाऱ्याच्या आधी वाचता येतं हे माहीत नव्हतं. तेव्हापासून ती रेघ मी चित्रात घेते. ती असली तर चित्रात वेळ येते.

ऋतूंप्रमाणे सगळाच मामला बदलतो. पावसानंतर ऑक्टोबरमध्ये हवा धुतलेली असते, धूळ खाली बसलेली; तेव्हा तो गुलाबी पट्टा सगळ्यात स्वच्छ मिळतो. डिसेंबर-जानेवारीत पाण्यावर धुकं असतं, किल्ल्याचा पायथा नाहीसा होतो आणि तट अधांतरी दिसतो. एप्रिल-मेमध्ये हवेत पांढुरकी वाफ भरते, निळा रंग आकाशातून जवळजवळ निघून जातो. तेव्हा चित्र दोन-तीन करड्यांवर उभं करावं लागतं, आणि मला विचाराल तर सगळ्यात अवघड व सगळ्यात समाधानाचं काम तेच. मेच्या अखेरीस किल्ल्याच्या होड्या बंद होतात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकतात. मी त्या दिवसांतही जाते. खोपीत बसून, फळीवर प्लास्टिक अंथरून, छोट्या कागदावर काम करते. सरीमागून सर येते आणि बेट दिसतं, जातं, पुन्हा दिसतं. पूर्वेला तांबडं फुटत नाही. नुसता सगळीकडून सारखा करडा उजेड वाढत जातो. तीही उगवतीच आहे, आणि वर्षातल्या कितीतरी उगवती तशाच असतात. रंगीत सकाळच तेवढी चित्राच्या लायकीची मानली, तर कोकणातलं निम्मं आकाश आपण रंगवणारच नाही.

एकाच जागेकडे बघत राहण्याची ही चिकाटी नवी नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटीतीर्थाच्या काठी राहून तोच तलाव वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात रंगवत राहिले. क्लोद मोने १८८६ च्या शरदात फ्रान्सच्या बेल-ईल या खडकाळ बेटावर गेला आणि वादळवाऱ्यात उभं राहून तेच सुळके पुन्हा पुन्हा रंगवत बसला. आणि इंग्लंडमध्ये जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला ढगांचे अभ्यास केले, त्यांतल्या कितीतरींच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहिलेली आहे. मला या तिघांत कॉन्स्टेबलची ती सवय सगळ्यात मोलाची वाटते, कारण अशी टिपणं पुढे पुरावा ठरतात. १८८३ मध्ये क्राकाताऊ ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख जगभर पसरली, तेव्हा लंडनमध्ये विल्यम ॲस्क्रॉफ्ट नावाचा चित्रकार टेम्स नदीच्या काठी बसून रोजच्या संध्याकाळच्या आकाशाची पेस्टलमध्ये टिपणं करत होता. १८८८ मध्ये रॉयल सोसायटीने त्या उद्रेकाचा अहवाल काढला, त्यात ॲस्क्रॉफ्टची आकाशं छापली. रंगीत छायाचित्रण हाताशी नव्हतं. त्या आकाशांचा रंगीत पुरावा चित्रकारानेच ठेवला.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, मग हाताने टिपून ठेवायचं कशाला, असं मुलं विचारतात. कॅमेरा तो गुलाबी पट्टा स्वतःच्या हिशेबाने उजळतो, करड्या आकाशाला निळं करतो. माणसाने समोर बसून, तुलना करून लावलेला रंग वेगळी साक्ष देतो. आणि ही साक्ष हवी आहे. २००९ च्या नोव्हेंबरात फयान, २०२१ च्या मेमध्ये तौक्ते ही वादळं याच किनाऱ्याजवळून गेली. तांडेलकाका म्हणतात, वारा पूर्वीसारखा वेळेवर राहिला नाही. त्यांचं म्हणणं मी माझ्या कागदांवरून सिद्ध करू शकत नाही, पण माझे कागद रचले तर पुढे कुणाला तरी त्यातून काही वाचता येईल. मिरजेची मुलं कृष्णाघाटावर नेते तेव्हा मी सूर्य काढू नका म्हणत नाही. एवढंच सांगते की आधी मागे वळून बघा, समोर काय उजळलंय ते रंगवा, आणि कागद उलटा करून तारीख, वेळ, वारा आणि पाण्याची पातळी लिहा. समुद्रावर असाल तर भरती की सुकती तेही.

माझ्या प्रत्येक चित्रामागे या चार ओळी पेन्सिलने लिहिलेल्या असतात. चित्र घेणारे बहुतेकदा ते फ्रेमवाल्याकडे देतात, आणि फ्रेमवाला मागे पुठ्ठा डिंकाने चिकटवून टाकतो. म्हणून आता चित्र देताना मी एक अट घालते : पुठ्ठा खिळ्यांवर बसवा, म्हणजे उघडता येईल. समोरची बाजू माझ्या डोळ्यांनी पाहिलेली आहे, ती कुणाला आवडेल, कुणाला नाही. मागची बाजू त्या सकाळची आहे, आणि ती वाचता आलीच पाहिजे.